आधी पकड, मग मशीन

(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथे भरलेल्या सहाय्यकांच्या मेळाव्यात आपल्या प्रशिक्षण कार्यशाळेच्या निदेशकांनी केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



मला कार्यशाळेचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. किती मुलं आली, किती शिकून बाहेर पडली, हे आकडे छापील पत्रकात आपल्या हातात आहेत. ते मी पुन्हा वाचत नाही. मला दिलेल्या वेळात मी फक्त एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती मी इथे टेबलावर आणून ठेवली आहे. आणताना दोघांनी धरली, यावरून वजनाची कल्पना येईल. याला व्हाईस म्हणतात. जुनी कारागीर मंडळी शेगडा म्हणतात. दोन जबडे, मध्ये एक मळसूत्र आणि ते फिरवायला एक दांडी. एवढंच यंत्र. कामाची वस्तू, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, या दोन जबड्यांत धरायचा आणि मग त्यावर कानस, करवत, छिन्नी, ड्रिल, जे काय असेल ते चालवायचं.

आज ही वस्तू आणण्याचं कारण आहे. यंदाच्या निधीतून कार्यशाळेला एक मोठं लेथ मशीन घ्यावं, असं समितीत अनेकांचं मत आहे. त्यामागचं प्रेम मी जाणतो. मशीन दिसतं, त्याचा फोटो छापता येतो, त्यावर देणाऱ्याचं नाव लिहिता येतं. तरीही माझी विनंती अशी आहे की लेथ एक वर्ष थांबू द्यावं. आधी बाकं भक्कम करावीत आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा व्हाईस मिळावा. आज एका व्हाईसवर तीन मुलं पाळी लावून उभी असतात. हे मी का मागतो आहे, ते नीट सांगतो.

पायाचा अंगठा आणि मोटारीचा जोर

आपल्याकडे येणारी बहुतेक मुलं भिल्ल वस्त्यांवरची आहेत, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या बाजूची. आईबापांनी ऊसतोडीची उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की बिऱ्हाड फडावर जातं आणि मुलाची शाळा तिथेच सुटते. आयटीआयच्या फिटर ट्रेडला दहावी पास लागते. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुलाला तो दरवाजा बंद असतो. अशा मुलांसाठी आपली शेड आहे.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी मी लोखंडाची एक पट्टी आणि कानस देतो आणि काही न सांगता बाजूला उभा राहतो. मुलगा काय करतो? खाली बसतो, पट्टी पायाच्या अंगठ्याखाली दाबतो आणि दोन्ही हातांनी कानस चालवायला लागतो. बाहेरून आलेले पाहुणे हे बघून हसतात. मी हसत नाही. त्याचा बाप असाच बांबू चिरतो, कोयत्याला असाच मूठ बसवतो, त्याच्या आजाने धनुष्याची कामठी अशीच तासली. आपल्याकडचे सुतारही कित्येक पिढ्या लाकूड पायाने धरून काम करत आले. पाय हा या मुलांचा पहिला व्हाईस आहे आणि चांगला व्हाईस आहे. जॉब आधी धरावा लागतो, मग त्यावर काम होतं, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. ती ते घरून घेऊन येतात.

मग अडचण कुठे येते? अडचण मोटार आली की येते. बांबू चिरताना जोर स्वतःच्याच अंगातला असतो. हात जेवढा रेटतो, तेवढाच पाय धरतो. काही अडलं तर माणूस आपोआप थांबतो, कारण जोर लावणारा आणि धरणारा एकच. ड्रिल मशीनला मात्र थांबायचं कळत नाही. म्हणून मी मुलांना पहिल्या आठवड्यात एकच वाक्य पाठ करायला लावतो : हाताच्या जोराला हात पुरतो, मोटारीच्या जोराला हात पुरत नाही.

याचा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवतो. आपणांसही सांगतो, सोपा आहे. एक हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे ७४६ वॅट. ड्रिल मिनिटाला ५०० फेरे फिरतं आहे असं धरा. लोखंडाची पट्टी ड्रिलच्या मध्यापासून दहा सेंटीमीटरवर हाताने धरली आहे. ड्रिलने पट्टीला पकडलं, तर तिथे हातावर सुमारे साडेचौदा किलोचा जोर येतो. तुम्ही म्हणाल, साडेचौदा किलो तर आमची मुलं सहज पेलतील. खरं आहे, पण तो मोटारीचा नेहमीचा जोर झाला. ड्रिल अडकतं तेव्हा मोटार क्षणभर याच्या दुपटीनेही ओढू शकते. त्यात पट्टीच्या कडा धारदार.

आणि ड्रिल अडकतं कधी? भोक पाडायला सुरुवात करताना नव्हे, संपताना. ड्रिलचं टोक पट्टीच्या खालच्या बाजूने बाहेर निघतं, तेव्हा समोरचा विरोध एकदम कमी होतो. हाताचा दाब मात्र तेवढाच असतो. मग ड्रिलच्या पिळाच्या कडा उरलेल्या पातळ धातूत मळसूत्रासारख्या घुसतात, पट्टीला वर ओढतात आणि स्वतःबरोबर गरगर फिरवतात. ५०० फेरे म्हणजे सेकंदाला आठपेक्षा जास्त. काहीतरी झालं हे कळून माणसाने हात मागे घ्यायचा म्हटलं, तर सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातोच. तेवढ्यात पट्टीने दीड फेरा पुरा केलेला असतो. सावध राहा, असं कितीही बजावलं तरी उपयोग नाही. सावधपणापेक्षा मोटार जलद आहे. तिथे व्हाईसच हवा.

एका अंगठ्याची किंमत

आपल्याकडे शिकायला येण्याआधी एक मुलगा एका शेडमध्ये कामाला होता. शेडचं नाव सांगत नाही, कारण असं अनेक ठिकाणी चालतं. ट्रॉलीच्या फाळक्यासाठी पट्ट्यांना भोकं पाडायची होती. काम नगावर होतं. व्हाईसमध्ये बांधण्यात वेळ जातो म्हणून सगळेच हाताने धरत होते, तसं त्यानेही धरलं. दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी एका पट्टीने घात केला. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेली. आज तो आपल्या शेडमध्ये आहे, चांगलं काम करतो, पण बारीक काम धरताना ते बोट नसल्याचं त्याला रोज जाणवतं. नवीन मुलांना व्हाईसचा पहिला पाठ आता तोच देतो. मी देत नाही. तो नुसता हात पुढे करतो, बोलावं फार लागत नाही.

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं मानायचं, याची ती यादी होती. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. कायद्याने आकडे लिहिले हे चांगलंच झालं, नाहीतर काहीच मिळालं नसतं. पण ते मिळवायला मुलगा तिथे कामावर होता, हे दाखवावं लागतं. हजेरीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, अशा ठिकाणी ३० टक्के कुणाकडे मागायचे?

अंगठ्याची एक जुनी गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकलव्य हा रानातला मुलगा होता. तो स्वतःच्या कष्टाने शिकला आणि शिकण्याची किंमत म्हणून त्याचा अंगठा मागितला गेला. भिल्ल समाज त्याला आपला मानतो. या मुलांना शिकवायला उभं राहताना मला ती गोष्ट नेहमी आठवते. आपल्या शेडमध्ये कुणाचा अंगठा शिकण्याची किंमत म्हणून जाता कामा नये. माझ्या मागणीच्या मुळाशी हे आहे.

लहान हातात पाचशे किलोची पकड

आता या साध्या यंत्रात एवढी ताकद येते कुठून, ते पाहू. पुढे येऊन बघितलंत तरी चालेल.

ही दांडी मध्यापासून वीस सेंटीमीटरवर धरून मी एक फेरा फिरवला, तर माझा हात सुमारे सव्वाशे सेंटीमीटर फिरतो. तेवढ्यात मळसूत्र फक्त अर्धा सेंटीमीटर पुढे सरकतं. म्हणजे हिशेबाने जोर अडीचशे पट व्हायला हवा. प्रत्यक्षात आट्यांमध्ये घर्षण असतं आणि बराचसा जोर तिथे खर्च होतो. पाचातले चार हिस्से गेले असं धरलं तरी पन्नासपट उरतो. सोळा वर्षांच्या मुलाने दहा किलोचा जोर लावला, तर जबडे पाचशे किलोने आवळतात.

घर्षणाला आपण नुकसान म्हणतो, पण इथे तेच राखण करतं. दांडीवरून हात काढला तरी मळसूत्र उलटं फिरत नाही. जबडे कितीही रेटा देत असले तरी आट्यांमधलं घर्षण त्याला अडवून धरतं. म्हणूनच एकदा आवळून हात मोकळे करता येतात. दोन्ही हात हत्याराला मिळतात, डोळे खुणेवर राहतात आणि मुलगा जॉबपासून सुरक्षित अंतरावर उभा राहतो.

व्हाईसचे प्रकार अनेक आहेत, मी तीनच सांगतो. बाकावर बसवतात तो बेंच व्हाईस, कानस आणि करवतीच्या कामासाठी. त्याचं अंग बिडाचं असतं. बीड दाब सोसतं पण घणाचे घाव सोसत नाही, तडकतं. म्हणून ठोकाठोकीसाठी लोहाराचा लेग व्हाईस वेगळा. त्याचा एक पाय जमिनीपर्यंत गेलेला असतो, घावाचा धक्का थेट जमिनीत जातो. राजूरच्या बाजाराला येणारे शेतकरी वखराची पास, नांगराचा फाळ सरळ करायला आणतात, त्या कामाला हाच हवा. तिसरा मशीन व्हाईस, ड्रिल आणि मिलिंगच्या टेबलावर बसणारा. तो बुटका असतो आणि त्याचा तळ व जबडे अगदी काटकोनात घासलेले असतात.

मुलांना काय शिकवतो

आपण देणगी देता तेव्हा ती कशात जाते, हे कळायला हवं. म्हणून बांधणीचे नियम थोडक्यात सांगतो.

पहिला नियम झाडण्याचा. जबडे, तळ आणि जॉब ब्रशने साफ केल्याशिवाय बांधायचं नाही. लोखंडाचा केसाएवढा कीस खाली राहिला तरी जॉब तिरका बसतो. मग वर कितीही चांगलं मशीन असो, भोक तिरकंच पडणार. आणि कीस ब्रशनेच काढायचा, हाताने किंवा फुंकर मारून नाही.

दुसरा नियम मधोमध धरण्याचा. जॉब जबड्याच्या एका टोकाला धरला तर सरकता जबडा वाकडा होतो आणि पकड अर्धीच लागते. एका बाजूलाच धरणं भाग असेल, तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालायचा.

तिसरा नियम खालून आधार देण्याचा. जॉब जबड्यांत लोंबकळत ठेवायचा नाही. त्याखाली सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या, म्हणजे पॅरलल, घालायच्या. आवळताना सरकता जबडा जॉबला किंचित वर उचलतो. म्हणून आवळल्यावर लाकडी किंवा शिशाच्या हातोडीने हळूच ठोकून तो खाली बसवायचा. मग पॅरलल बोटाने हलवून बघायच्या. हलल्या, तर जॉब बसलेला नाही. ही परीक्षा प्रत्येक मुलाने स्वतः करायची, मला विचारायचं नाही.

चौथा नियम असा की कापण्याचा रेटा शक्यतो स्थिर जबड्याकडे जाईल असा जॉब ठेवायचा. सरकता जबडा मळसूत्राच्या भरवशावर असतो, स्थिर जबडा अख्ख्या अंगाच्या भरवशावर.

पाचवा नियम सर्वांत जास्त विसरला जातो. मशीन व्हाईस स्वतःच टेबलाला बोल्टने बांधलेला हवा. मोकळा ठेवलेला व्हाईस म्हणजे हाताने धरलेली जड वस्तू, दुसरं काही नाही. लहान भोकासाठी बोल्ट लावला नाही, तर निदान व्हाईसची दांडी ड्रिल मशीनच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकलेली असावी. ड्रिल उजवीकडे फिरतं. जॉब फिरायला लागला तर दांडी खांबावर अडते आणि मुलाचा हात वाचतो.

सहावा नियम अतिरेक न करण्याचा. दांडीवर पाइप घालून आवळायचं नाही, दांडीला हातोडी मारायची नाही. मळसूत्र कायमचं बिघडतं. शिवाय जास्त आवळल्याने काम बरोबर होतंच असं नाही. पातळ बुश व्हाईसमध्ये फार दाबला तर तो लंबगोल होतो. त्या स्थितीत पाडलेलं भोक गोल दिसतं. व्हाईस सोडला की बुश मूळ आकारात येतो आणि भोक वाकडं होऊन बसतं. गुळगुळीत केलेल्या जॉबला जबड्याचे दाते लागू नयेत म्हणून मध्ये तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घालायचा. गोल दांडा असेल तर व्ही आकाराचा ठोकळा लावायचा. किती धरायचं हे कळणं, हीच अर्धी कारागिरी आहे.

इथे भगिनी मंडळाचे आभार मानतो. मागच्या नाताळात त्यांनी कातडी हातमोजे पाठवले. ते वेल्डिंगला आणि गरम, धारदार पत्रे उचलायला रोज वापरात आहेत. ड्रिल मशीनवर मात्र आम्ही हातमोजे घालू देत नाही. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचं टोक अडकलं तर अख्खा हात ओढला जातो. कुणी शेड पाहायला आलात आणि ड्रिलवरची मुलं उघड्या हातांनी दिसली, तर आपली भेट वाया गेली असं समजू नका.

हेल्पर की ऑपरेटर

आता रोजगाराचं बोलतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत, संभाजीनगरकडे चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आपली मुलं जातात. बहुतेक हेल्पर म्हणून लागतात. हेल्पर म्हणजे उचल, ठेव, झाड, पूस. मशीनजवळ उभा, पण मशीनचा नाही. ऑपरेटरला आणि हेल्परला वेगळं करणारा प्रश्न पर्यवेक्षक पहिल्याच दिवशी विचारतो : जॉब बांधता येतो का?

मशीन चालवायला येतं का, असं तो विचारत नाही. आजच्या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापण्याचं काम मशीन स्वतः करतं. जॉब जागेवर सरळ बसला आहे का, दर वेळी त्याच जागी बसतो आहे का, हे मात्र माणसालाच बघावं लागतं. पहिला नग आणि पाचशेवा नग सारखा यायचा, तर दोन्ही सारखेच बांधले गेले पाहिजेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत जे शिकतात, त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग जॉब धरणारी साधनं, म्हणजे जिग आणि फिक्स्चर, बनवण्यात जातो. नावं मोठी आहेत, पण मूळ हाच व्हाईस. तो हाताला कळला की पुढचं समजतं. तो कळला नाही तर लाखांचं मशीन समोर असूनही मुलगा झाडू घेऊन उभा राहतो.

म्हणूनच म्हणतो, लेथ थांबू द्या. लेथलाही स्वतःची पकड असते, तिला चक म्हणतात. पण एका लेथवर एका वेळी एकच मुलगा उभा राहतो आणि बाकीचे बघत बसतात. बारा व्हाईस असले तर बारा मुलांचे हात चालतात. कानस सपाट चालवणं, गुण्या लावून काटकोन बघणं, खुणेवर करवत ठेवणं, आटे पाडणं, हे सगळं व्हाईसवर शिकतात. ज्याने सहा महिने व्हाईसवर काढले, तो लेथवर सहा आठवड्यांत तयार होतो, असा माझा अनुभव आहे. उलट केलं तर फक्त बटण दाबणारा मुलगा तयार होतो.

आपल्या मिशनच्या कामातही हा विचार नवा नाही. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्यासाठी सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळाली. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांना आधी पायाखाली जमीन आणि हाताला काम हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या वेळच्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालवली. त्याच नगरात डी. सी. चर्चिल या अभियंत्याने हातमाग सुधारण्यात वर्षं घातली. ही माणसं कारागिराच्या बाकाशी वाकली. आपला प्रभूही नासरेथात सुताराच्या घरी वाढला. लाकूड धरल्याशिवाय रंधा चालत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

आपण काय देऊ शकता

माझी मागणी लिहून समितीकडे दिली आहे. थोडक्यात अशी : १२५ मिलिमीटर जबड्याचे बारा बेंच व्हाईस, दोन मशीन व्हाईस, एक लेग व्हाईस, पॅरलल पट्ट्यांचा संच आणि हे सगळं पेलतील अशी जाड फळ्यांची बाकं, फरशीत बोल्टने बसवलेली. हलत्या बाकावर उत्तम व्हाईसही उपयोगाचा नाही. बाकाची उंचीही महत्त्वाची आहे. व्हाईसचा जबडा उभ्या मुलाच्या कोपराएवढ्या उंचीवर यावा. त्यापेक्षा खाली असला तर पाठ जाते, वर असला तर खांदे भरून येतात. आपली मुलं कुणी बुटकी, कुणी उंच. म्हणून पायाखाली ठेवायला लाकडी पाटही हवेत. ते आमची मुलं स्वतः करतील, फक्त लाकूड द्या.

अनेकांच्या घरी, शेतावर, बंद पडलेल्या दुकानात जुना व्हाईस पडलेला असतो. तोही चालेल, पण देण्याआधी तीन गोष्टी बघा. बिडाला कुठे तडा गेलेला नसावा. तडा वेल्डिंगने भरलेला व्हाईस आम्ही घेत नाही. दांडी फिरवून जबडे पूर्ण उघडतात आणि बंद होतात का, ते बघा. जबडे बंद करून मध्ये कागद धरा. दोन्ही टोकांना कागद सारखाच घट्ट बसला, तर जबडे सरळ आहेत. एका टोकाला कागद निसटला तर जबडे झिजले आहेत. जबड्यांच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असल्या तर त्या आम्ही बदलू शकतो. नुसता गंज असेल तर काळजी नको. मुलं तो काढतील, तेल देतील आणि त्यातूनही शिकतील.

एका भगिनीने मघाशी जेवताना मला विचारलं, मुलींसाठी यात काही आहे का? आहे. दोन मुली आता येतात. कानस चालवायला आडदांडपणा लागत नाही, हाताला लय लागते, आणि पकडीचा जोर तर मळसूत्रच देतं. अडचण येण्याजाण्याची आहे. संध्याकाळी वस्तीवर परत जायला वाहन नाही. त्याचा विचार मंडळीने वेगळा करावा, अशी विनंती करून ठेवतो.

शेवटी वस्तीवरच्या आईबापांविषयी एक शब्द. मुलाला इथे ठेवणं म्हणजे त्यांच्यासाठी एका हंगामाची मजुरी सोडणं असतं. फडावर तो मुलगा एक कोयता पेलू शकला असता. त्यांनी तो विश्वासाने आपल्याकडे सोडला आहे, हात-पाय धड असलेला. दोन वर्षांनी त्याच्या अंगात एक कसब यावं आणि दहाही बोटं शाबूत राहावीत, एवढी जबाबदारी आपण घेतली आहे. ती पाळायला लागणारी वस्तू महाग नाही. ती तुमच्यासमोर टेबलावर आहे.

सभा संपल्यावर मुलं शेडमध्ये काम दाखवतील. पट्टी कशी बांधतात ते त्यांच्याकडून समजून घ्या, स्वतः दांडी फिरवून बघा. आणि समितीसमोर हा विषय येईल तेव्हा आपलं मत लेखी द्यावं, मग ते माझ्या बाजूचं असो वा लेथच्या.